शंका कुणावर घ्यायची?

दहावीचा निकाल लागला की जून-जुलैत किनवट, मुखेड, देगलूर, अहमदपूर, चाकूर, निलंगा अशा तालुक्यांमधून मुले-मुली नांदेड आणि लातूरला येतात. ट्यूशन एरियात एक खाट आणि एक टेबल मावेल एवढी खोली मिळते, मेस लागते, अभ्यासिकेत जागा ठरते. गावच्या शाळेत हे मूल पहिले आलेले असते. इथे त्याच्या बॅचमधला जवळपास प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेतून पहिला आलेला असतो. दोन-तीन चाचण्या झाल्या, भिंतीवर यादी लागली आणि आपले नाव खाली दिसले, की मनात एक वाक्य घर करते : मी इथला नाही, चुकून आलो. मग वर्गात शंका विचारणे बंद होते. शंका विचारली तर आपल्याला काही येत नाही हे सगळ्यांना कळेल, अशी भीती वाटते. घरून फोन आला की ‘चांगलं चाललंय’ एवढेच सांगितले जाते. आपण मोठी माणसे या अवस्थेला ‘आत्मविश्वास कमी आहे’ असे नाव देतो आणि एखाद्या प्रेरणादायी वक्त्याचे व्याख्यान ठेवतो. मला हे निदानच चुकीचे वाटते आणि त्यामुळे उपायही चुकीचा वाटतो. स्वतःविषयीची शंका बहुतेक वेळा मुलाच्या आत जन्माला येत नाही, ती बाहेरच्या निकालांमधून आत शिरते. म्हणून मुलाचे मन घट्ट करण्याआधी त्याला कोणत्या मापाने मोजले जात आहे ते तपासले पाहिजे. ही तपासणी मुलालाही शिकवता येते.

मानसशास्त्रात या अनुभवाचा पहिला नीट अभ्यास १९७८ साली झाला. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या निरीक्षणातून एक गोष्ट नोंदवली. पदव्या, पदे, मानसन्मान असूनही या स्त्रियांना आपण तोतया आहोत आणि एक दिवस पकडले जाऊ असे वाटत होते. या भावनेला पुढे लोकांनी आजाराचे नाव दिले, पण त्या दोघींनी तिला आजार म्हटले नव्हते. तोतयेपणाचा एक अनुभव, इतकेच त्यांचे म्हणणे होते. हा फरक महत्त्वाचा आहे. आजार म्हटला की रोगी एकटा पडतो आणि औषध त्यालाच घ्यावे लागते. अनुभव म्हटला की तो कुठे, कुणाला आणि कशामुळे येतो हे विचारता येते. बाईला कर्तृत्वाचे श्रेय न देणाऱ्या समाजात बाईलाच आपले कर्तृत्व खोटे वाटले, तर त्यात नवल काय? अलीकडच्या काही लेखिकांनी नेमका हाच मुद्दा धरला आहे. स्त्रियांना ‘तुमच्यात आत्मविश्वासाची उणीव आहे’ असे सांगणे थांबवा आणि त्यांना उपरे वाटायला लावणाऱ्या जागा सुधारा, असे त्या सांगतात.

आपल्या देशातला पुरावा याहून बोलका आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे मिळायचे. कुणाचीही जात न सांगता खेळ झाला तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात पुकारली गेली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीयरीत्या घटली. मुले त्याच गावांतली, कोडी त्याच प्रकारची, कष्टाचा मोबदलाही तोच. बदलले ते एवढेच, की आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जात आहे याची जाणीव मुलाला करून दिली गेली. इथे एक सावधगिरी पाळायला हवी. समूहाविषयीच्या वाईट समजाची नुसती आठवण करून दिल्याने परीक्षेतले गुण घसरतात, असे सांगणारे अमेरिकेतले प्रयोग पुढे मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा तो परिणाम अनेकदा फार छोटा निघाला किंवा दिसलाच नाही. म्हणून प्रत्येक अपयशाचे खापर समाजाच्या नजरेवर फोडता येणार नाही. पण हॉफ-पांडे यांच्या मुलांना कुणी काही सुचवले नव्हते. त्यांच्या गावात रोज घडते तेच त्या खोलीत मोठ्याने उच्चारले गेले होते.

मराठवाड्यातल्या माणसाला यातले बरेच काही सांगावे लागत नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे उच्च शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला वर चढायचे तर दुसऱ्याच्या भाषेतून चढावे लागे. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. या भागाला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला मिळाले आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ यायला १९९४ साल उजाडले. १९७४ मध्ये विकासाचे आंदोलन झाले. त्यानंतर दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण यांतला अनुशेष मोजून दाखवला. ‘मागास’ हा शब्द असा सरकारी कागदावर मोजमापासह आला आणि तो खराच होता. अडचण पुढे झाली. जो शब्द रस्त्यांना, कालव्यांना आणि शाळांच्या संख्येला लागू होता तो हळूहळू माणसांना चिकटला. बाहेरच्या महाराष्ट्राला लातूर कळले ते १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपामुळे आणि २०१६ मध्ये रेल्वेने आणलेल्या पाण्यामुळे. ज्या प्रदेशाची ओळख दर वेळी संकटातूनच करून दिली जाते, तिथल्या मुलाने पुण्यात किंवा मुंबईत गावाचे नाव सांगताना आवाज खाली आणला, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष म्हणता येईल का?

बोलीचेही असेच आहे. देगलूर-बिलोलीकडे मराठीला तेलुगूचा शेजार आहे, उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा, आणि दोन्हीकडे दखनीचा. ‘काय करायलास’, ‘मपलं’, ‘लई’ हे तिथल्या घरांचे बोलणे. पुण्यातल्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यातच या बोलण्याची नक्कल होते आणि मूल महिनाभर गप्प बसायला शिकते. भाषाशास्त्र कोणत्याही बोलीला अशुद्ध मानत नाही. प्रत्येक बोलीला तिचे व्याकरण असते आणि ते पक्के असते. प्रमाण मराठी ही पुस्तकांची, कचेरीची आणि दूरच्या माणसांशी बोलण्याची सोय आहे. ती प्रत्येकाला आलीच पाहिजे. पण ती शिकवताना मुलाच्या घरची बोली चुकीची ठरवली, की मूल एक भाषा शिकत नाही, ते आपल्या आईच्या तोंडचे बोलणे खोटे मानायला शिकते. मग मुलाखतीला गेल्यावर उत्तर ठाऊक असूनही ते वाक्य आधी मनात धुऊन घेते आणि तोवर दुसरा उमेदवार बोलून मोकळा होतो. २०२२ साली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले, त्याचा आनंद मोठा होता. तरी शाळेच्या वर्गात मुलाने स्वतःच्या बोलीत दिलेले बरोबर उत्तर आधी बरोबर मानले जावे आणि मग प्रमाण भाषेत कसे सांगायचे ते दाखवले जावे, याचे मोल मला संमेलनाहून जास्त वाटते.

शिक्का माणसाच्या आत किती खोल जातो आणि तो कसा उतरतो, याचे लातूरचेच एक उदाहरण मराठी वाचकाला माहीत आहे. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या आणि पोलिसांच्या नजरेतला शिक्का मागे राहिला. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड अशाच एका जमातीत जन्मले. शाळा, पोलिसांचे छापे, सूतगिरणीतली नोकरी, कामगारांची चळवळ हे सगळे त्यांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात लिहिले. ते १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मला या पुस्तकाचे नाव फार महत्त्वाचे वाटते. जो शब्द गावाने हिणवण्यासाठी वापरला तोच त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला. स्वतःला स्वीकारणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट रूप मी मराठीत पाहिलेले नाही. आपली परिस्थिती गोंडस करून सांगितलेली नाही, लपवलेलीही नाही आणि तिच्यापुढे मानही तुकवलेली नाही. चोरी शिकवणारे घर का तयार झाले हे त्यांनी कारणांसह मांडले. कारणे सापडली, की लाजेने मुलाच्या मानेवर बसण्याऐवजी व्यवस्थेच्या दारात जाऊन उभे राहायला हवे, हे वाचकालाही कळते.

नांदेडला दुसरे उदाहरण आहे आणि ते या लेखाच्या मुद्द्याच्या अगदी मधोमध येते. नरहर कुरुंदकर १५ जुलै १९३२ रोजी वसमतजवळच्या कुरुंदा गावचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यात जन्मले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. शिक्षणासाठी कुरुंदकर मामांकडे हैदराबादला गेले आणि तिथे इंटरच्या परीक्षेत पुनःपुन्हा नापास झाले. एकदा नाही, अनेकदा. वाचन मात्र अभ्यासक्रमाच्या बाहेर चहूकडे पसरले होते. इतिहास, संस्कृत साहित्यशास्त्र, राजकारण, तत्त्वज्ञान असे सगळे त्यात होते. स्वतः इंटर नापास असताना ते वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना शिकवत, अशा आठवणी त्यांच्याविषयी सांगितल्या जातात. पुढे नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले. शिकवता शिकवता त्यांनी पदव्या पूर्ण केल्या, मग स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि अखेर तिथेच प्राचार्य. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना शिवाजी महाराजांविषयीच्या विचारात आजही संदर्भ म्हणून वाचली जाते. मनुस्मृती, भरताचे नाट्यशास्त्र, मराठी कादंबरी, धर्मनिरपेक्षता अशा दूरदूरच्या विषयांवर त्यांनी अधिकाराने लिहिले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती.

ही गोष्ट सहसा ‘नापास झालात तरी खचू नका’ एवढ्यासाठी सांगितली जाते. तेवढ्यासाठी ती सांगू नये असे माझे मत आहे, कारण नापास होणाऱ्या प्रत्येकात कुरुंदकर दडलेला नसतो आणि तसे भासवणे ही मुलांची फसवणूक आहे. त्यांच्या आयुष्यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. ते अतिशय शंकेखोर विचारवंत होते. परंपरेवर त्यांनी शंका घेतली, पुरोगाम्यांच्या आवडत्या समजुतींवर घेतली, स्वतः आधी मांडलेल्या मतांवरही घेतली. पण ‘मला विचार करण्याचा अधिकार आहे का’ ही शंका त्यांनी घेतलेली दिसत नाही. परीक्षेने जे मोजले ते त्यांनी मान्य केले. नापास झाले ते झालेच, आणि नंतर परीक्षा देऊन पदवी घेतलीच. परीक्षेने जे मोजलेच नव्हते, त्याचा निकाल मात्र त्यांनी परीक्षेकडून घेतला नाही. नांदेड सोडून पुण्या-मुंबईला जाण्याची गरजही त्यांना वाटली नाही. महाराष्ट्राने त्यांचे ऐकायचे ते नांदेडहूनच ऐकले. शंका ही दुधारी असते आणि तिचे पाते कोणत्या बाजूला फिरवायचे हे शिकता येते. कुरुंदकरांनी ते दाव्यांकडे, पुराव्यांकडे आणि मोजपट्ट्यांकडे फिरवले. आपल्या मुलांकडे तीच धार आहे, पण ती सगळी स्वतःकडे वळलेली आहे.

ती बाहेर वळवायची कशी? इथे लातूरलाच श्रेय द्यावे लागते. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये, ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो याचे चार उगम सांगितले. स्वतः काम करून मिळालेले यश हा सर्वांत बळकट. आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहणे हा दुसरा. विश्वासातल्या माणसाने सांगणे हा तिसरा, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था हा चौथा. आता लातूर पॅटर्न आठवून पाहा. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत रुजली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग पुनःपुन्हा प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या, त्या तपासून चूक त्याच आठवड्यात दाखवायची, सुट्टीतही वर्ग घ्यायचे. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे येऊ लागली तेव्हा राज्यभर कुजबुज झाली, घोकंपट्टी म्हणून टीका झाली. टीकेत तथ्य होते. पण टीकाकारांना एक गोष्ट दिसली नाही. ज्या मुलाच्या घरात कुणी दहावीपुढे गेलेले नव्हते, त्याला इथे पहिल्यांदा ‘काल आठ चुका, आज तीन’ असा स्वतःविषयीचा पुरावा हातात मिळाला. शेजारच्या गल्लीतला, आपल्यासारखेच बोलणारा मुलगा यादीत आलेला दिसला. बँड्युराचे पहिले दोन उगम या जिल्ह्याने व्याख्यानाविना, केवळ सरावाच्या कागदांवर उभे केले. बोर्डाने पुढे गुणवत्ता यादी बंद केली, तरी तो विश्वास टिकला.

मग त्याच शहरात आज आत्मशंकेचे पीक का आले? मोजपट्टी बदलली हे कारण. बोर्डाच्या परीक्षेत आपल्याला किती येते हे मोजले जात होते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत आपण इतरांच्या किती पुढे हे मोजले जाते. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसले. एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाहून थोड्या अधिक होत्या, आणि परवडणाऱ्या शुल्काच्या सरकारी जागा साधारण त्यातल्या निम्म्या. पात्रतेची रेषासुद्धा पर्सेंटाइलवर असते, म्हणजे खुल्या गटाच्या रेषेखाली निम्मी मुले राहणार हे पेपर निघण्याआधीच ठरलेले असते. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी जागा वाढत नाहीत, रेषा वर सरकते. ही टंचाई देशातल्या जागांची आहे. मुलाच्या मनात मात्र ती त्याच्या बुद्धीची टंचाई म्हणून उतरते. रिपीटर बॅचमध्ये दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी बसलेला मुलगा स्वतःचे नाव सांगण्याआधी गुण सांगतो. वीसपैकी एकोणीस जणांना जागा मिळणारच नाही असे गणित असलेल्या परीक्षेत जागा न मिळणे, ही त्या माणसाविषयीची माहिती फारच थोडी आहे. हे गणित प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडायला हवे. आज फळ्यांवर आणि चौकातल्या फलकांवर फक्त यशस्वी मुलांचे फोटो असतात.

यावर पहिला आक्षेप उत्साही मंडळींचा असतो. ते म्हणतात, एवढे गणित कशाला, मुलाला रोज आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणायला लावा. हा प्रयोग करून झाला आहे. कॅनडात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की ज्यांना आधीच स्वतःविषयी वाईट वाटत असते त्यांना अशी वाक्ये म्हणायला लावल्यावर उलट अधिक वाईट वाटते. मन वकिलासारखे लगेच विरुद्ध पुरावे काढते. कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ मध्ये नागरिकांचा स्वाभिमान वाढवण्यासाठी सरकारी कार्यदल नेमले होते. त्यानंतरच्या संशोधनाचा रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आढावा घेतला. स्वतःविषयी चांगले वाटल्याने गुण वाढतात असा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. उलट, काम चांगले झाल्यामुळे स्वतःविषयी चांगले वाटते असे दिसले. ज्या व्याख्यानांवर आपली महाविद्यालये हौसेने खर्च करतात त्यांचा परिणाम टाळ्या ओसरेपर्यंतच का टिकतो, ते यावरून समजते. तेच पैसे चाचणीचे पेपर लवकर तपासून चुका समजावणाऱ्या दोन जादा शिक्षकांवर खर्च झाले तर मुलांचा विश्वास अधिक वाढेल, हे मी जबाबदारीने म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या संस्कारातून येतो. स्वतःवर शंका नसलेला माणूस उद्धट होतो, थोडी शंका असलेलीच बरी, असे जुनी माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांच्या १९९९ च्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत कमी येत होते तेच स्वतःची क्षमता सर्वांत फुगवून सांगत होते. त्यामुळे ‘हे उत्तर बरोबर आहे ना’ ही शंका डॉक्टरला, अभियंत्याला, शिक्षकाला असलीच पाहिजे. मात्र ‘हे उत्तर बरोबर आहे ना’ आणि ‘मी इथे बसायच्या लायकीचा आहे ना’ या दोन वेगळ्या शंका आहेत. पहिली पुस्तक उघडायला लावते, दुसरी मिटायला लावते. पहिलीचे उत्तर तपासून मिळते. दुसरीचे उत्तर कितीही यश मिळाले तरी मिळत नाही, म्हणून तर क्लान्स-आइम्स यांना पदव्या मिळवलेल्या स्त्रियाही तोतयेपणाच्या भीतीत दिसल्या. विनय पहिल्या शंकेतून येतो. दुसरीतून येते ते दबलेपण, आणि आपल्याकडे मुलींच्या बाबतीत या दबलेपणालाच वळण लागले असे म्हणण्याची पद्धत आहे. ती सोडायला हवी.

‘खरा मी’ म्हणून काही आत तयार बसलेले असते का, असाही प्रश्न विचारला जातो. तसे मला वाटत नाही. म्हणून ‘जसा आहेस तसाच राहा’ हा सल्ला मी देणार नाही. इंग्रजी येत नाही, गणित कच्चे आहे, चार लोकांत बोलता येत नाही, यांतले काहीही खऱ्या स्वतःचा भाग म्हणून जपायचे कारण नाही. शिकायचेच. मात्र शिकताना काय सोडायचे याची किंमत स्वतः ठरवता आली पाहिजे. प्रमाण मराठी यावी आणि घरी फोनवर ‘मपलं’ही राहावे. डॉक्टर व्हावे, पण रक्त पाहून घेरी येणाऱ्या आणि यंत्र उघडून बघण्यात रमणाऱ्या मुलीने केवळ गावातल्या फलकासाठी तीन वर्षे नीट देऊ नये. माणूस आपल्या आवडी, आपली माणसे, आपले कष्ट आणि आपल्या मर्यादा यांच्याशी प्रामाणिक राहून पुढचे पाऊल ठरवतो, तेव्हा तो स्वतःसारखा होत जातो. हे एका दिवसात होत नाही. कुरुंदकरांनाही हैदराबादहून नांदेडच्या वर्गापर्यंत यायला वर्षे लागली.

संस्था काय करू शकतात, याचा एक स्वस्त मार्ग संशोधनात सिद्ध झाला आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. एका अमेरिकी महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. ‘सुरुवातीला मलाही वाटायचे की मी इथला नाही, पुढे ते ओसरले’ असा त्यांचा आशय होता. मग त्यांना स्वतःच्या शब्दांत तसेच काही लिहायला सांगितले. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेले अंतर जवळपास निम्मे झाले. कुणी त्यांना ‘तू हुशार आहेस’ म्हटले नव्हते. ही अडचण सगळ्यांना येते आणि ती जाते, एवढी खरी माहिती दिली होती. नांदेड-लातूरच्या प्रत्येक महाविद्यालयाकडे असे माजी विद्यार्थी शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या वरच्या क्रमांकाच्या एकालाच दरवर्षी सत्काराला बोलावले जाते. तिसऱ्या प्रयत्नात शिरलेली, नीट सोडून कृषी पदवीला गेलेली, औषधनिर्माणशास्त्र शिकून तालुक्यात नोकरी करणारी माणसे पहिल्या महिन्यातच नव्या मुलांसमोर बसवायला काय खर्च येतो? ज्यांची शंका झोप, जेवण आणि जगण्याच्या इच्छेपर्यंत पोचली आहे त्यांच्यासाठी मात्र एवढे पुरत नाही. त्यांना तज्ज्ञाची मदत लागते. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर दिसला पाहिजे.

शेवटचा आक्षेप बापाचा आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. सोयाबीनला भाव नाही, एक पाऊस लांबला तरी वर्ष जाते, एक एकर गहाण ठेवून पोराला लातूरला ठेवले आहे. त्याला ‘स्वतःसारखा हो’ सांगणे ही भरल्या पोटाची चैन नाही का? या प्रश्नाचा राग येऊ देऊ नये, कारण तो जमिनीवरून आलेला आहे. पण उत्तरही त्याच जमिनीवर आहे. ज्या घरात राखीव पैसा नाही त्या घराला मुलाने आपली अडचण लपवणे सर्वांत महाग पडते. पहिल्या सत्रातच जीवशास्त्र डोक्यात शिरत नाही हे कळले, तर वर्ष वाचते. तिसऱ्या वर्षी कळले, तर एकर जातो. आणि घाबरलेले मूल नेमके तिसऱ्या वर्षीच सांगते. म्हणून खोली ठरवतानाच बापलेकाने दोन गोष्टी बोलून घ्याव्यात : प्रयत्न किती करायचे आणि त्यानंतर कोणता रस्ता धरायचा. नर्सिंग, फिजिओथेरपी, पशुवैद्यक, कृषी, मूलभूत विज्ञान, शिक्षकी पेशा यांच्या जागा, शुल्क आणि पगार यांची माहिती आधीच कागदावर उतरवावी. मग फोनवर ‘किती मार्क पडले’ याआधी ‘या आठवड्यात काय अडलं’ हे विचारायला बापालाही सोपे जाते, कारण उत्तर काहीही आले तरी पुढे काय करायचे ते घराला माहीत असते.